ताणलेल्या दोराच्या वाटेत उभे राहू नका

खंडाळा समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. राजमाची पॉइंटवर उभे राहिले तर दरी दिसते, धबधबे दिसतात, खाली खोपोलीकडचा सपाट मुलूख दिसतो. बंदर मात्र दिसत नाही. तरीही रात्री बोरघाटात पाच मिनिटे थांबून पाहा. गिअर बदलत, कण्हत, एकामागून एक चढणाऱ्या ट्रेलरांवर लोखंडी कंटेनर असतात. त्यांतले बरेचसे न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून निघालेले. १९८९ साली सुरू झालेल्या या बंदरात हा प्रत्येक डबा क्रेनने जहाजावरून उचलला, तेव्हा ते तीनशे मीटर लांबीचे जहाज पाण्यावर असूनही जवळजवळ स्थिर होते. त्याला स्थिर धरून ठेवले होते दोरांनी.

मावळचे समुद्राशी आणखी एक नाते आहे. लोणावळ्यात नौदलाचे 'आयएनएस शिवाजी' १९४५ पासून जहाजांचे अभियंते घडवते. टाकवे खुर्दला 'समुंद्र इन्स्टिट्यूट ऑफ मेरिटाइम स्टडीज' आहे, इंदुरीला 'तोलानी मेरिटाइम इन्स्टिट्यूट' आहे. व्यापारी जहाजांवर जाणारी मुले-मुली इथे डोंगराच्या कुशीत शिकतात. घरच्यांना काळजी असते ती वादळाची आणि समुद्री चाच्यांची. पण अनुभवी खलाशाला विचारले, की डेकवर सर्वांत जास्त सावध कधी असतोस, तर तो बहुधा भर समुद्राचे नाव घेणार नाही. तो म्हणेल, बंदरात जहाज बांधताना आणि सोडताना. म्हणजे घरचा फोन लागायला लागतो, जमीन हाताच्या अंतरावर येते, नेमक्या त्या वेळी.

जहाज धक्क्याला बांधण्याच्या या कामाला 'मूरिंग' म्हणतात. बंदराच्या तोंडाशी स्थानिक पायलट जहाजावर चढतो. पायलट म्हणजे विमान चालवणारा नव्हे; त्या खाडीतला गाळ, प्रवाह आणि वळणे पाठ असलेला अनुभवी दर्यावर्दी. त्याच्या सांगण्यावरून टग जहाजाला हळूहळू ढकलत धक्क्याजवळ आणतात. मग डेकवरचा खलाशी टोकाला वजन बांधलेली एक बारीक दोरी धक्क्यावर भिरकावतो. धक्क्यावरची माणसे ती ओढतात, तिच्यामागून मनगटापेक्षा जाड दोर पाण्यातून वर येतो आणि त्याचा फास लोखंडी खुंटात, म्हणजे बोलार्डात, अडकवला जातो. नंतर जहाजावरचे विंच दोर ओढून घट्ट करते. मोठ्या जहाजाला असे बारा-सोळा दोर सहज लागतात.

हे दोर कुठेही कसेही बांधलेले नसतात. पुढच्या आणि मागच्या टोकांकडून दूरवर तिरके जाणारे दोर असतात. काही दोर जहाजाच्या अंगाशी काटकोन करून सरळ धक्क्यावर येतात. वाऱ्याने जहाज धक्क्यापासून दूर लोटले जाऊ नये ही त्यांची जबाबदारी. आणि काही जहाजाच्या कडेने जवळजवळ समांतर धावतात. पुढच्या भागातून निघून मागे जाणारा एक, मागच्या भागातून निघून पुढे येणारा दुसरा. यांना 'स्प्रिंग' म्हणतात. जहाज पुढेमागे सरकू नये हे त्यांचे काम. क्रेन कंटेनरचे चारही कोपरे पकडत असताना जहाज मीटरभर जरी पुढेमागे झाले तरी काम थांबते.

आता थोडा हिशेब करू. भरलेल्या मोठ्या कंटेनर जहाजाची एक बाजू म्हणजे तीनशे मीटर लांब आणि पाण्यापासून वरच्या डब्यांपर्यंत चाळीस मीटर उंच अशी भिंत समजा. क्षेत्रफळ बारा हजार चौरस मीटर. ताशी ४५ किलोमीटरचा वारा या भिंतीवर आडवा आदळला, तर तो ढोबळमानाने १२० टन वजनाइतक्या जोराने जहाजाला ढकलतो. असा वारा पावसाळ्यात खंडाळ्याच्या कड्यावरही लागतो. छत्री उलटते, एवढेच. आता वारा दुप्पट करा, ताशी ९० किलोमीटर. जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो, कारण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. म्हणजे जवळजवळ पाचशे टन. जून महिन्यातल्या एखाद्या वळवाच्या झोताला यासाठी अर्धा तासही लागत नाही.

सोळा दोर आहेत म्हणजे हा भार सोळा जणांत सारखा वाटला जातो, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात तसे होत नाही. एकाच दिशेने गेलेल्या दोन दोरांपैकी जो आखूड, तो जास्त ओढला जातो. जो कडक, न ताणणारा, तो जास्त ओढला जातो. एका दिशेला एक पोलादी तार आणि तिच्या शेजारी एक नायलॉनचा दोर लावला, तर नायलॉन आरामात ताणत बसतो आणि भार जवळजवळ सगळा तारेवर येतो. तार तुटली की तोच सगळा भार एका झटक्यात नायलॉनवर. म्हणून एकाच कामाचे दोर एकाच प्रकारचे आणि शक्यतो सारख्या लांबीचे असावेत, हा मूरिंगचा पहिला धडा. एकत्र कुटुंबात जो मुकाट्याने काम करतो त्याच्यावरच सगळे काम पडते, तसाच हा प्रकार.

दुसरा धडा कोनाचा. उंच डेकवरून जवळच्या खुंटावर दोर अगदी उभा खाली आला, तर त्याचा बराचसा जोर जहाजाला खाली ओढण्यात फुकट जातो. साठ अंशांच्या उतरणीत धक्क्याकडे खेचणारा जोर निम्माच उरतो. रिकामे जहाज पाण्यावर उंच तरंगते, त्याला वारा जास्त लागतो आणि त्याचे दोरही जास्त उभे होतात. दोन्हीकडून तोटा.

इथे एक शंका येईल. ताणणारा दोर चांगला की न ताणणारा? उत्तरासाठी खंडाळ्यातच नागफणीच्या कड्यावर जाऊ. तिथे प्रस्तरारोहण करणाऱ्यांकडे दोन प्रकारचे दोर असतात. दरी ओलांडण्यासाठी बांधायचा दोर कमी ताणणारा लागतो, नाहीतर माणूस मधोमध लोंबकळत खाली जाईल. कडा चढताना कमरेला बांधायचा दोर मात्र मुद्दाम ताणणारा असतो. पाय निसटून माणूस पडला, तर दोर ताणत ताणत त्याचा वेग शोषून घेतो. न ताणणाऱ्या दोराने तेवढ्याच उंचीवरून पडलेल्याची कंबर मोडेल. चढाईच्या मुख्य दोराच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पडण्याचा झटका १२ किलोन्यूटनच्या, म्हणजे साधारण १२०० किलो वजनाच्या ओढीच्या वर जाता कामा नये, असा निकषच आहे.

जहाजालाही हीच सोय हवी असते. लाट आली, शेजारून दुसरे जहाज गेले, वाऱ्याचा झोत आला, तर दोराने थोडे ताणून तो धक्का पचवावा. फरक असा, की गिर्यारोहकाच्या दोराने शोषलेली ऊर्जा माणूस लटकून स्थिर झाला की संपते. जहाजाच्या दोरात ती साठून राहते. आणि दोर तुटला, तर ती सगळी एकदम बाहेर पडते.

किती ऊर्जा? साठ मीटर लांबीचा नायलॉनचा दोर ५० टनांच्या ताणाखाली दहा टक्के लांबला असे धरा, म्हणजे सहा मीटर. त्यात साधारण १५ लाख ज्यूल ऊर्जा साठते. दीड टन वजनाची मोटार ताशी १६० किलोमीटर वेगाने धावत असताना तिच्यात एवढीच ऊर्जा असते. द्रुतगती मार्गावरच्या ताशी १०० किलोमीटरच्या वेगमर्यादेपेक्षा कितीतरी जास्त वेगात धावणारी मोटार, आणि तिच्या बंपरच्या जागी मनगटापेक्षा जाड दोर. दोराचे वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास धरले आणि निम्मी ऊर्जा उष्णतेत वगैरे वाया गेली असे मानले, तरी तुटलेले टोक सेकंदाला नव्वद मीटरच्या आसपास परत येते. माणसाला काहीतरी घडते आहे हे कळून हालचाल सुरू करायला पाव सेकंद लागतो. तेवढ्यात टोकाने वीस-बावीस मीटर कापलेले असतात. मूरिंगचे डेक तेवढे लांब नसतेच. 'सावध राहा, तुटला तर पटकन बाजूला व्हा' या सल्ल्याला म्हणूनच काही अर्थ नाही. बाजूला व्हायचे ते आधी.

या उसळीला 'स्नॅप-बॅक' म्हणतात. पूर्वी अनेक जहाजांवर डेकवर पिवळ्या रंगाने धोक्याचे पट्टे आखलेले असत. दोराच्या रेषेभोवती एक त्रिकोण, आणि त्याबाहेर उभे राहिले की सुरक्षित असा समज. पण दोर सरळ रेषेत परत येतोच असे नाही. तो ज्या रुळावरून वळतो तिथून चाबकासारखा फिरतो, लोखंडाला आपटून दिशा बदलतो. शिवाय पट्टे आखले ते एका मांडणीसाठी. पुढच्या बंदरात दोर वेगळ्याच खुंटाकडे गेला की ते पट्टे खोटे ठरतात. ब्रिटनच्या खलाशांसाठीच्या सुरक्षा-संहितेने आता असे पट्टे रंगवण्यापेक्षा ताण असताना संपूर्ण मूरिंग डेकच धोक्याचे समजा, असा सल्ला दिला आहे. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. रंगाचा पट्टा माणसाला खोटा धीर देतो.

नव्या दोरांनी प्रश्न सोपा झाला असे मधल्या काळात वाटले होते. आता पोलादाइतकेच मजबूत, पण पाण्यावर तरंगण्याइतके हलके, उच्च क्षमतेच्या पॉलिएथिलीनचे दोर मिळतात. चार माणसांनी घाम गाळून ओढायची तार जाऊन दोघांना झेपणारा दोर आला. पाठीचे दुखणे कमी झाले. हे दोर फारसे ताणत नाहीत, म्हणून तुटले तरी उसळत नाहीत, असा समज पसरला. २ मार्च २०१५ रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या साउथ हुक टर्मिनलवर 'झारगा' नावाचे द्रवरूप वायूचे जहाज लागत होते. जहाजाची जागा थोडी नीट करण्यासाठी स्प्रिंग दोर ओढला जात असताना तो तुटला आणि पुढच्या डेकवरच्या अधिकाऱ्याच्या डोक्याला अतिशय गंभीर इजा झाली. दोर हाच, नव्या प्रकारचा. ब्रिटिश अपघात तपास यंत्रणेच्या चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या. या कडक दोराला धक्के पचवण्यासाठी टोकाला ताणणाऱ्या दोराचा तुकडा जोडलेला असतो. ऊर्जा त्या तुकड्यात साठली होती. आणि दोराच्या आतले तंतू वारंवार दबून, मुडपून आतल्या आत निकामी झाले होते. बाहेरून त्यावर विणलेले आवरण शाबूत होते, त्यामुळे डोळ्यांनी पाहून काहीच कळत नव्हते. दोर त्याच्या कागदावरच्या ताकदीपेक्षा पुष्कळ कमी ताणाला गेला.

आपल्या किनाऱ्यावर या सगळ्यात आणखी एक भिडू असतो: भरती-ओहोटी. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवशी पाणी सहा तासांत साडेतीन-चार मीटर चढते किंवा उतरते, कधी त्याहूनही जास्त. सकाळी धक्क्याला नीट बांधलेले जहाज दुपारी एका मजल्याहून अधिक वर गेलेले असते. तीस मीटर अंतरावरच्या, डेकपेक्षा पाच मीटर खाली असलेल्या खुंटाला बांधलेला दोर घ्या. जहाज चार मीटर वर गेले की त्या दोराला सुमारे तीन टक्के लांब व्हावे लागते. नायलॉन हे हसत सहन करतो. पोलादी तार तीन टक्के ताणतच नाही. तोवर ती तुटलेली असते. म्हणून बंदरात जहाज 'उभे' असते तेव्हाही कुणीतरी दर थोड्या वेळाने फेरी मारून दोर सैल-घट्ट करत असतो. माल उतरू लागला की जहाज आणखी वर येते, ते वेगळेच. रात्रीचा पहारा म्हणजे झोपेची सोय नव्हे.

इंग्रजांच्या काळात मुंबईत यावर वेगळा उपाय केला गेला. ससून डॉक १८७५ चा, प्रिन्सेस डॉक १८८० चा, व्हिक्टोरिया डॉक १८८८ चा. या गोद्यांमध्ये भरतीचे पाणी आत घेऊन दरवाजे बंद करण्याची कल्पना होती. १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक झाला, आजचा इंदिरा डॉक. त्याला कालव्यासारखे दुहेरी दरवाजे आहेत. आतले पाणी फारसे हलत नाही, त्यामुळे आत बांधलेल्या जहाजाच्या दोरांवर भरतीचा ताण येत नाही. पण दरवाज्याच्या रुंदीएवढेच जहाज आत येऊ शकते. जहाजे वाढत गेली, दरवाजे तेवढेच राहिले. न्हावा शेव्याचे धक्के उघड्या खाडीत आहेत. तिथे पाण्याच्या प्रत्येक चढ-उताराचा हिशेब दोरांनाच द्यावा लागतो. पालघरजवळ वाढवणला होऊ घातलेले बंदर तर उघड्या समुद्राच्या तोंडाशी आहे. तिथे लाटा रोखण्याच्या बांधाइतकाच विचार दोरांचा करावा लागेल.

खाडीतल्या धक्क्यावर आणखी एक अदृश्य ओढ असते. शेजारच्या मार्गाने मोठे जहाज वेगात गेले, तर त्याच्या पुढे पाणी फुगते आणि कुशीला पाण्याची पातळी खाली जाते. त्या पाण्याबरोबर बांधलेले जहाज आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला खेचले जाते. जाणारे जहाज जितके जवळ आणि जितके वेगात, तितका ताण जास्त. आणि इथेही वेग दुप्पट तर ओढ चौपटीच्या घरात. म्हणून बंदरात वेगावर बंधन असते आणि म्हणूनच सैल सोडलेले दोर घट्ट दोरांपेक्षा धोकादायक ठरतात: जहाज आधी मोकळे सरकून वेग घेते आणि मग दोराला हिसका बसतो.

वादळाचा इशारा आला की मोठी जहाजे सहसा धक्का सोडून मोकळ्या पाण्यात जातात. धक्क्यावर आपटत राहण्यापेक्षा समुद्रात नांगरलेले किंवा चालते जहाज बरे. पण नांगराचेही दोरासारखेच आहे. तो केवळ वजनाने धरत नाही. तळावर लांब पसरलेली साखळी नांगराला आडवी ओढते म्हणून तो रुततो. साखळी कमी सोडली किंवा लाटेने ती पार उचलली गेली, तर नांगर वर खेचला जातो आणि फरफटू लागतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात रत्नागिरीजवळ नांगरलेले 'बसरा स्टार' हे जहाज असेच मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन अडकले. पुढच्या वर्षी १७ मे रोजी, तौक्ते वादळात, मुंबई हाय क्षेत्रातल्या 'पी-३०५' या निवासी तराफ्याचे नांगर सुटले. तो भरकटत जाऊन एका तेल-फलाटावर आदळला आणि बुडाला. त्यावरच्या २६१ जणांपैकी सत्तरहून अधिक माणसे गेली. त्यांतली बरीचशी खलाशी नव्हती. वेल्डर, फिटर, स्वयंपाकी अशी कामकरी माणसे होती.

मूरिंगमधल्या इजा कशा असतात? दोर थेट लागला तर डोके, मान, छाती आणि पाय. हेल्मेट वरून पडणाऱ्या पान्यासाठी असते, शंभर मीटर वेगाच्या दोरासाठी नाही. दुसरा प्रकार चिरडण्याचा: फिरत्या ड्रमवर हातमोज्यासकट बोटे जाणे, दोराच्या सैल वेटोळ्यात पाय असताना दोर एकदम धावू लागणे. म्हणून वेटोळ्यात कधीही पाय ठेवायचा नाही आणि दोर ओलांडायचा नाही. तिसरा प्रकार हळू येणारा: ओले, जड दोर ओढून कंबर आणि खांदे.

आणि या सगळ्याच्या मागे थकवा. जहाज बंदरात लागते ते पायलट, भरती आणि मोकळा धक्का यांच्या सोयीने, पहाटे तीनलाही. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार कोणत्याही २४ तासांत किमान १० तास आणि ७ दिवसांत ७७ तास विश्रांती मिळायला हवी. भारताने हा करार २०१५ मध्ये स्वीकारला. पण एका आठवड्यात तीन बंदरे करणाऱ्या जहाजावर हा हिशेब कागदावर जुळतो तेवढा शरीरात जुळत नाही. झोप कमी झालेला माणूस सुस्तावतो एवढेच नाही, तो धोक्याचा अंदाज चुकवतो. ताणलेल्या दोराजवळ 'दोन मिनिटांचेच काम आहे' असे वाटणे हे त्याचे लक्षण.

अशा इजेत पहिली दहा मिनिटे महत्त्वाची, आणि ही माहिती चाकणच्या कारखान्यातही तितकीच उपयोगी आहे. हातापायातून जोरात रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने थेट जखमेवर घट्ट दाब द्या आणि तो सोडू नका. तरीही थांबत नसेल तर जखमेच्या पाच-सात सेंटिमीटर वर, सांध्यावर नव्हे, रुंद पट्टी आवळून बांधा आणि वेळ लिहून ठेवा. तुटलेले बोट थेट बर्फावर ठेवायचे नाही. ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. डोक्याला किंवा मानेला मार असेल तर जिवाला दुसरा धोका नसल्यास माणसाला हलवू नका. १०८ ला फोन करा.

१ जानेवारी २०२४ पासून समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात मूरिंगसाठी नवे नियम लागू झाले आहेत. नव्या जहाजांची मूरिंगची मांडणीच अशी करायची, की काम करणारी माणसे दोरांच्या वाटेबाहेर राहतील आणि विंच चालवणाऱ्याला सगळे नीट दिसेल. दोरांची तपासणी, देखभाल आणि ते कधी बाद करायचे याची नोंद मात्र जुन्या-नव्या सगळ्याच जहाजांना बंधनकारक झाली. आजवर दोर 'अजून चालेल' म्हणून चालत असत.

विंचच्या ब्रेकचा एक साधा नियम यात कामी येतो. ब्रेक दोराच्या ताकदीच्या साधारण ६० टक्के ताणाला घसरेल असा लावतात. घरातल्या फ्यूजचे जे काम, तेच त्याचे: दोर तुटण्याऐवजी ब्रेकने सरकावे. पण त्याच्या आतल्या पट्ट्यावर ग्रीस सांडले किंवा दोर ड्रमवर उलट्या दिशेने गुंडाळला गेला, तर ब्रेकची पकड पार घटते. उलट, घसरतो आहे म्हणून कुणी पान्याला पाइप लावून ब्रेक जास्त आवळला, तर फ्यूजच्या जागी जाड तार घातल्यासारखे होते. घरोघरी हे पाहिले आहेच.

आपल्यापैकी बहुतेकांचा जहाजाच्या दोराशी कधी संबंध येणार नाही. पण मावळात पावसाळ्यात चिखलात रुतलेली जीप ट्रॅक्टरने ओढण्याचा प्रसंग येतो. हाताशी असतो तो नायलॉनचा दोर, आणि पाहायला गोळा होतात वाडीवरची पोरे, बहुतेक वेळा नेमकी दोराच्या बाजूला. दोर तुटला किंवा जीपचा हुक उखडला, तर हिशेब वर दिलेलाच, फक्त आकडे लहान. बघ्यांना दोराच्या लांबीपेक्षा जास्त अंतरावर पाठवा, दोराच्या मध्यावर जाड घोंगडी किंवा ओले पोते टाका. तुटले तर त्या वजनाने टोकाचा वेग मोडतो. हिसके देऊन ओढू नका.

जुन्या खलाशांची एक वेगळीच बोली होती. रत्नागिरी आणि आसपासच्या किनाऱ्यावरून हजारो माणसे ब्रिटिश बोटींवर डेकच्या कामाला गेली. सारंग आणि टिंडेल यांच्या हुकमावर काम चाले. 'हबेस' म्हणजे ओढ, 'आरिया' म्हणजे सोड. 'आरिया' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. आज जहाजावर एकाच वेळी चार देशांची माणसे असतात आणि हुकूम इंग्रजीत, वॉकी-टॉकीवर येतात. वाऱ्यात अर्धे शब्द उडून जातात, म्हणून हाताच्या खुणाही ठरलेल्या असतात. बोली बदलली तरी नियम तोच: हुकूम एकानेच द्यायचा, पण 'थांब' म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला, कालच रुजू झालेल्या कॅडेटलासुद्धा.

हा कॅडेट सहसा सुरुवात करतो ती धक्क्यावर बारीक दोरी भिरकावण्यापासून. ती वाऱ्याविरुद्ध नीट जावी म्हणून टोकाला गाठीत कधी नट-बोल्ट, कधी शिशाचा गोळा कोंबण्याची सवय जहाजांवर होती. दहा-पंधरा मीटर उंचीवरून येणारा तो गोळा खाली धक्क्यावर दोर घ्यायला उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्याच्या दिशेनेच येत असे. आता ब्रिटिश संहितेप्रमाणे टोकाला जास्तीत जास्त अर्धा किलोची, बारीक खडी भरलेली, चटकन दिसेल अशा रंगाची मऊ पिशवी बांधायची असते.